एक वर्ष, एक ओळ? कोपा लिबर्टाडोरेसच्या अंतिम लढतींचा तक्ता: कामाच्या नोंदी

११ जानेवारी २०२५

नवं काम हाती घेतलं. दक्षिण अमेरिकी फुटबॉल क्लबांच्या कोपा लिबर्टाडोरेस स्पर्धेतल्या १९६० ते २०२४ पर्यंतच्या सगळ्या अंतिम लढती एका तक्त्यात मांडायच्या, नावांचं देवनागरी लेखन एकसारखं ठेवायचं आणि जिथे सांगण्यासारखं काही आहे तिथे टीप जोडायची. उलटतपासणी मित्र करणार आहे.

याआधी युरोपी क्लबांच्या चषकाचा असाच तक्ता केला होता. तो सरळ निघाला. १९५६ साली पॅरिसमध्ये रेआल माद्रिदनं फ्रान्सच्या रीम्सला ४-३ हरवलं, तिथपासून दर वर्षी एक अंतिम सामना आणि त्याची एक ओळ. त्रास दिला तो फक्त १९७४ नं. ब्रसेल्समध्ये बायर्न म्युनिकच्या श्वार्झेनबेकनं जादा वेळ संपता संपता अ‍ॅटलेटिको माद्रिदशी १-१ बरोबरी साधली आणि दोन दिवसांनी सामना पुन्हा खेळवावा लागला. तो बायर्ननं ४-० असा आरामात जिंकला. त्या वर्षाला एक टीप जोडून मोकळा झालो होतो.

तोच साचा इथे उचलून आणलाय. वर्ष, विजेता, उपविजेता, गोल, मैदान, शहर. ६५ वर्षं, ६५ ओळी. मित्राला म्हटलं, पंधरवड्यात उरकतो.

१२ जानेवारी

पहिल्याच ओळीला गाडी अडली. १९६० चा अंतिम सामना कुठे झाला? माँटेव्हिडिओत आणि असुन्सिओनमध्ये. १२ जूनला उरुग्वेच्या पेन्यारोलनं घरच्या मैदानावर पॅराग्वेच्या ओलिंपियाला १-० हरवलं. गोल अल्बर्टो स्पेन्सरचा. हा इक्वेडोरचा आघाडीवीर पुढे या स्पर्धेत ५४ गोलांपर्यंत गेला आणि तो आकडा अजून कुणाला गाठता आलेला नाही. आठवड्याभरानं असुन्सिओनमध्ये १-१, आणि पेन्यारोल पहिला विजेता.

म्हणजे घरचा सामना आणि परतीचा सामना, दोन्ही मिळून एक अंतिम लढत. ठीक आहे. शहराच्या रकान्यात दोन नावं घातली आणि गोलांच्या रकान्यात बेरीज: २-१. विजेता त्या बेरजेवरून सूत्रानं आपोआप ठरेल अशी सोय करून ठेवली. फार हुशारी केल्यासारखं वाटलं.

दोन छोटे निर्णय. तेव्हा स्पर्धेचं नाव ‘अमेरिकेच्या विजेत्यांचा चषक’ असं होतं, ‘लिबर्टाडोरेस’ म्हणजे मुक्तिदाते हे नाव १९६५ पासूनचं. तक्त्यात मात्र सगळीकडे एकच नाव ठेवतोय. आणि १९४८ साली चिलीच्या सँटियागोत झालेली विजेत्या क्लबांची स्पर्धा घेत नाही. ती वास्को द गामा या ब्राझीलच्या क्लबनं जिंकली खरी, पण साखळी पद्धतीनं. अंतिम सामनाच नव्हता, तर अंतिम सामन्यांच्या तक्त्यात तिचं काय काम?

१४ जानेवारी

सबंध संध्याकाळ १९६२ नं खाल्ली.

ब्राझीलचा सँटोस विरुद्ध पेन्यारोल. माँटेव्हिडिओत सँटोस २-१. २ ऑगस्टला परतीचा सामना सँटोसच्या व्हिला बेल्मिरो मैदानावर. सँटोसला बरोबरी पुरेशी होती. उत्तरार्ध सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता, पेन्यारोल ३-२ पुढे होता, आणि प्रेक्षकांतून मैदानात वस्तू येऊन पडायला लागल्या. चिलीचे पंच कार्लोस रोब्लेस यांनी खेळ थांबवला. बऱ्याच वेळानं तो पुन्हा सुरू झाला. सँटोसच्या पागाओनं तिसरा गोल केला, सामना ३-३ असा संपला आणि लोक विजेतेपदाचा जल्लोष करत घरी गेले.

नंतर पंचांचा अहवाल आला. त्यांच्या लेखी सामना ३-२ वरच थांबला होता. पुढचा खेळ नुसता वेळ निभावून न्यायला, परिस्थिती आणखी चिघळू नये म्हणून. पागाओचा गोल लोकांनी पाहिला, साजरा केला, आणि तो अधिकृत नोंदीत नाही.

३० ऑगस्टला ब्वेनोस आइरेसच्या मोन्युमेंटल मैदानावर तिसरा सामना झाला. यावेळी पंच नेदरलँड्सचे लेओ हॉर्न. दुखापतीमुळे पहिले दोन्ही सामने हुकलेला पेले खेळला, त्यानं दोन गोल केले, सँटोस ३-० जिंकला.

गोलांच्या रकान्यात आता काय लिहू? ३-२ की ३-३? मित्राचं म्हणणं, ‘अधिकृत तेच लिही आणि टिपेत दुसरं.’ तसंच केलं. पण जल्लोष करून झोपलेल्या त्या गावाला सकाळी कुणी कसं सांगितलं असेल, हे काही डोक्यातून जात नाही.

१८ जानेवारी

१९६५ ची ओळ भरली आणि सूत्रानं लाल रंग दाखवला. अर्जेंटिनाचा इंडिपेन्डिएन्टे घरी १-० जिंकला, माँटेव्हिडिओत पेन्यारोलकडून १-३ हरला. बेरीज पेन्यारोल ३, इंडिपेन्डिएन्टे २. सूत्राच्या मते विजेता पेन्यारोल. प्रत्यक्षात सँटियागोत तिसरा सामना झाला, तो इंडिपेन्डिएन्टेनं ४-१ मारला आणि चषक त्यांनी नेला.

आधी वाटलं आकडा चुकलाय. दोनदा तपासला. मग मित्राला फोन केला.

‘अरे, बेरीज बरोबर आहे तुझी,’ तो म्हणाला. ‘पण बेरीज करायला तुला सांगितलं कोणी?’

खरंच, कोणी नव्हतं सांगितलं. अंतिम फेरी त्या काळी गुणांवर चालायची. जिंकलात तर २, बरोबरीला १. दोन सामन्यांनंतर गुण सारखे झाले की गोल कितीही असोत, तिसरा सामना तटस्थ मैदानावर. घरी पाच-शून्य जिंका आणि तिकडे एक-शून्य हरा, हिशेब सारखाच. एकूण गोलांचा हिशेब ही युरोपी सवय. ती मी नकळत इथे घेऊन आलो होतो.

सूत्र खोडलं. सहा दिवसांची हुशारी गेली.

१९ जानेवारी

साचा मोडून नवा केला. आता दोन तक्ते: एक लढतींचा (वर्षाला एक ओळ) आणि एक सामन्यांचा (सामन्याला एक ओळ). लढतींच्या तक्त्यात गोलांचा रकानाच नाही. त्याऐवजी ‘कसा ठरला’ असा रकाना आहे: गुणांवर, तिसऱ्या सामन्यात, गोलफरकावर, पेनल्टींवर, एकाच सामन्यात.

साचा बदलल्याबरोबर कालपर्यंत न दिसलेली एक गोष्ट समोर आली. १९६० ते १९८७ या २८ वर्षांत तिसरा सामना लागला १४ वेळा. बरोब्बर निम्म्या वेळा. म्हणजे ज्याला मी अपवाद समजून टिपेत ढकलत होतो, तो अपवाद नव्हताच.

मग त्या १४ वर्षांची पहिल्या दोन सामन्यांतली बेरीज मुद्दाम करून पाहिली. कुतूहल म्हणून, तक्त्यात घालायला नाही. सात वेळा गोलही सारखेच होते (१९६२, ६७, ७१, ७३, ७७, ८१, ८५). चार वेळा बेरजेत पुढे असलेलाच क्लब शेवटी जिंकला (१९६६, ७४, ७५, ७६). आणि तीन वेळा चषक बेरजेत मागे असलेल्याकडे गेला: १९६५ चं वर सांगितलं, १९६८ ला ब्राझीलचा पाल्मेइरास ४-३ पुढे असताना अर्जेंटिनाच्या एस्टुडिआन्टेसनं माँटेव्हिडिओत २-० जिंकून चषक नेला, आणि १९८७.

१९८७ वर थांबावंच लागतं. कोलंबियाचा अमेरिका दे काली सलग तिसऱ्या वर्षी अंतिम फेरीत. १९८५ ला तिसऱ्या सामन्यानंतर अर्खेंटिनोस ज्युनियर्सकडून पेनल्टींवर हरलेले, १९८६ ला अर्जेंटिनाच्याच रिव्हर प्लेटकडून दोन्ही सामने गमावलेले. यावेळी घरी पेन्यारोलला २-० हरवलं. माँटेव्हिडिओत आघाडी घेतली, पण बरोबरी झाली आणि शेवटच्या काही मिनिटांत एका फ्री किकवर सामना २-१ असा हातचा गेला. बरोबरी राहिली असती तर तिथेच विजेते होते.

३१ ऑक्टोबर, सँटियागो, तिसरा सामना. इथे मात्र नियमात एक फट होती: जादा वेळेनंतरही बरोबरी राहिली तर पहिल्या दोन सामन्यांचा गोलफरक मोजायचा. अमेरिकाचा फरक चांगला होता, म्हणजे त्यांना नुसतं तग धरायचं होतं. नव्वद मिनिटं ०-०. जादा वेळेची एकोणतीस मिनिटं ०-०. शेवटच्या मिनिटाला, शिट्टीला काही सेकंद उरलेले असताना दिएगो आगिरेनं डाव्या बाजूनं घुसून चेंडू जाळ्यात मारला. पेन्यारोल १-०. प्रशिक्षक ऑस्कर ताबारेस यांच्या पेन्यारोलला पाचवा चषक. प्रशिक्षक गाब्रिएल ओचोआ उरिबे यांच्या अमेरिकाला तिसऱ्यांदा काहीच नाही. १९९६ ला ते चौथ्यांदा अंतिम फेरीत आले आणि रिव्हरकडून पुन्हा हरले. त्यांच्याकडे हा चषक आजही नाही.

त्यांच्या ओळीत ‘उपविजेता’ चार वेळा टंकताना हात जरा जड झाला.

२५ जानेवारी

तिसऱ्या सामन्यांची मैदानं. सँटियागो ६, माँटेव्हिडिओ ४, असुन्सिओन २, लिमा आणि ब्वेनोस आइरेस प्रत्येकी १. साहजिक आहे. ब्राझील आणि अर्जेंटिना एकमेकांशी किंवा उरुग्वेशी भांडणार, तर मधली जागा कुठली?

सँटियागोतल्या सहांपैकी १९६६ चा सामना टिपेत सविस्तर घेतला. २० मे. रिव्हर प्लेट मध्यंतराला पेन्यारोलविरुद्ध २-० पुढे. जादा वेळ संपला तेव्हा २-४. त्यात स्पेन्सरचे दोन. रिव्हर मायदेशी परतला आणि लीगमधल्या बानफिल्डविरुद्धच्या सामन्यात कुणीतरी मैदानात एक कोंबडी सोडली; तिच्या पांढऱ्या अंगावर रिव्हरच्या शर्टासारखा तांबडा पट्टा रंगवलेला. तेव्हापासून रिव्हरवाले ‘कोंबड्या’. आता ते स्वतःच ते नाव मिरवतात, हा भाग मला जास्त आवडतो.

१९८१ बद्दल मित्राशी वाद झाला. ब्राझीलच्या फ्लामेंगोनं चिलीच्या कोब्रेलोआला माँटेव्हिडिओत २-० हरवलं, दोन्ही गोल झिकोचे. पण लोकांना आठवतो फ्लामेंगोचा अन्सेल्मो. तो शेवटी बदली खेळाडू म्हणून आत आला, कोब्रेलोआच्या मारिओ सोटोला ठोसा लगावला आणि लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. आधीच्या सामन्यातल्या मारामारीची ही परतफेड होती. मित्र म्हणतो, असल्या गोष्टी टिपेत नकोत. मी म्हणतो, त्या लढतीचा सूर यातूनच कळतो. ठेवली. तक्ता माझा आहे.

१ फेब्रुवारी

नावांचा दिवस. कंटाळवाणा असेल असं वाटलं होतं, निघाला भलताच.

‘नासिओनाल’ नावाचे तीन क्लब अंतिम फेरीत आलेत: उरुग्वेचा, कोलंबियातल्या मेडेलिनचा अ‍ॅटलेटिको नासिओनाल आणि २०१४ ला पॅराग्वेचा. शिवाय सँटियागो आणि लिमातली राष्ट्रीय मैदानंही ‘नासिओनाल’च. ‘मोन्युमेंटल’ मैदानं चार: ब्वेनोस आइरेस, सँटियागो, लिमा, ग्वायाकिल. चारही ठिकाणी अंतिम लढतीचा सामना झालाय. बार्सेलोना १९९० आणि १९९८ ला उपविजेता होता, पण तो इक्वेडोरमधल्या ग्वायाकिलचा बार्सेलोना.

सगळ्यात मजा सँटियागोनं केली. त्या शहरातले सामने वेगळे काढायला चाळणी लावली तर २०१८ ची ओळ आली. डोकं खाजवलं. मैदान: सँटियागो बेर्नाबेऊ. शहर: माद्रिद. चाळणी मैदानाच्या रकान्यावर लागली होती.

उच्चारांचा नियम असा ठरवला: स्पॅनिशमधला ‘न्य’ आणि ‘ह’ ठेवायचा, पोर्तुगीजमध्ये ‘झ’. म्हणून स्पॅनिश नावात ‘होसे’ आणि ब्राझीलच्या नावात ‘झोसे’. बोका ज्युनियर्सला मात्र हात लावला नाही. ते रुळलंय, ‘हुनिओर्स’ लिहिलं तर वाचणारा अडखळेल.

८ फेब्रुवारी

१९८८ पासून तिसरा सामना बंद. इथून २०१८ पर्यंत ३१ वर्षं, सरळ दोन-दोन सामने. भराभर भरत गेलो.

तिसऱ्या सामन्याची जागा पेनल्टींनी घेतली. आधीच्या २८ वर्षांत पेनल्टींवर फक्त दोन निकाल (१९७७ ला बोका, १९८५ ला अर्खेंटिनोस ज्युनियर्स). या ३१ वर्षांत दहा. २००० ते २००४ या पाच वर्षांत चार. २००४ ला तर बोकानं चारही पेनल्टी घालवल्या आणि कोलंबियाचा ओन्से काल्दास २-० असा जिंकला.

पेनल्टींतला माझा आवडता सामना १९८९ चा. अ‍ॅटलेटिको नासिओनाल असुन्सिओनमध्ये ओलिंपियाकडून ०-२ हरले, परतीचा सामना २-० जिंकले. मग पेनल्टी. पाच-पाचांत निकाल लागला नाही. गोलरक्षक रेने इगिटानं स्वतः एक मारली, समोरच्यांच्या चार अडवल्या, आणि त्यानं एक अडवली रे अडवली, की आपल्याच माणसानं ती संधी वाया घालवावी, असं चाललेलं. शेवटी नवव्या फेरीत लेओनेल आल्वारेसनं ५-४ केलं. कोलंबियाचा हा पहिला चषक.

२००८ साठी वेगळी टीप. कीटोच्या एलडीयू क्लबनं रिओच्या फ्लुमिनेन्सला घरी ४-२ हरवलं, रिओच्या माराकाना मैदानावर १-३ हरले. पाच-पाच. बाहेरच्या मैदानावरचे गोल जास्त धरले असते तर फ्लुमिनेन्स जिंकला असता: त्यांचे दोन, एलडीयूचा एक. तो नियम आधीच्या फेऱ्यांना लागू होता, अंतिम लढतीला नव्हता. तीन गोल करणाऱ्या थिआगो नेवेसनं पेनल्टी घालवली, गोलरक्षक सेवायोसनं तीन अडवल्या, आणि चषक पहिल्यांदा इक्वेडोरला गेला. बेरजेच्या सूत्रासारखंच हेही सूत्र मी लावलं असतं, तर तेही तोंडावर पडलं असतं.

१५ फेब्रुवारी

२०१८. रिव्हर आणि बोका, ब्वेनोस आइरेस या एकाच शहरातले कट्टर वैरी, पहिल्यांदाच अंतिम लढतीत समोरासमोर.

तारखांचा रकाना भरताना पुरता घोळ. पहिला सामना १० नोव्हेंबरला ठरलेला. पावसानं मैदानाचं तळं झालं, ११ ला झाला, २-२. दुसरा २४ नोव्हेंबरला रिव्हरच्या मोन्युमेंटलवर. वाटेत बोकाच्या बसवर हल्ला झाला, काचा फुटल्या, खेळाडू जखमी झाले. सामना आधी काही तास पुढे ढकलला, मग दुसऱ्या दिवसावर, मग तिथून उचललाच. ९ डिसेंबरला माद्रिदमध्ये. मुक्तिदात्यांच्या नावाचा चषक स्पेनच्या राजधानीत, हा विनोद तेव्हाच सगळ्यांचा करून झालाय, मी करत नाही.

बोका १-० पुढे गेला, रिव्हरच्या प्रातोनं बरोबरी केली, जादा वेळेत बोकाच्या बारियोसला बाहेर काढलं. १०९ व्या मिनिटाला रिव्हरच्या किंतेरोचा लांबून मारलेला फटका वरच्या दांडीला घासून आत. शेवटी बोकाचा गोलरक्षकही कॉर्नरसाठी पुढे धावला, आणि मोकळ्या मैदानात पिटी मार्टिनेस एकटाच चेंडू घेऊन रिकाम्या जाळ्याकडे पळत सुटला. ३-१.

न झालेल्या सामन्याला सामन्यांच्या तक्त्यात ओळ द्यायची का? नाही दिली. टिपेत मात्र २४ नोव्हेंबर आहे.

१६ फेब्रुवारी

२०१९ पासून एकच सामना, आधी ठरवलेल्या मैदानावर. माझा मूळ साचा इथे चालला असता!

म्हणजे, जवळजवळ. पहिलाच एकेरी सामना सँटियागोत ठरला होता, तिथल्या आंदोलनांमुळे लिमाला हलवावा लागला. रिव्हर ८८ व्या मिनिटापर्यंत १-० पुढे होता. मग गाब्रिएल बार्बोसानं काही मिनिटांत दोन गोल केले आणि फ्लामेंगो विजेता. २०२० ची लढत महासाथीमुळे ३० जानेवारी २०२१ ला झाली, म्हणजे २०२१ या एका वर्षात दोन अंतिम सामने, दोन्ही पाल्मेइरासनं जिंकले. ‘वर्ष’ रकान्याचं नाव बदलून ‘पर्व’ केलं. ‘तटस्थ’ हा रकाना काढून टाकला; २०२३ ला माराकानावर फ्लुमिनेन्स खेळला आणि जिंकला, ते त्यांचं घरचंच मैदान. २०२४ ला बोटाफोगोचा ग्रेगोरे पहिल्या मिनिटातच लाल कार्ड घेऊन बाहेर, तरी दहा जणांनी अ‍ॅटलेटिको मिनेइरोला ३-१ हरवलं.

२२ फेब्रुवारी

उलटतपासणी. सामन्यांची संख्या जुळायला हवी: १९८७ पर्यंत १४ लढती दोन सामन्यांच्या आणि १४ तीन सामन्यांच्या, म्हणजे ७०. पुढे ३१ पर्वांचे ६२. मग ६. एकूण १३८. तक्त्यात १३८. जुळलं.

शहरं जुळली नाहीत. यजमान क्लबाचं गाव तेच सामन्याचं गाव, असं धरून मी रकाना आपोआप भरला होता. मित्रानं एकेक काढून दाखवलं. १९६३ ला सँटोसचा घरचा सामना रिओत, माराकानावर. १९८९ ला मेडेलिनच्या क्लबाचा बोगोटात. २००५ ला कुरितिबाच्या अ‍ॅटलेटिको परानेन्सेचा चक्क पोर्तो आलेग्रेत, कारण त्यांचं मैदान अंतिम सामन्यासाठी लहान पडलं. ‘आपोआप’ हा शब्द या कामात जिथे जिथे वापरला तिथे तिथे नंतर हातानं दुरुस्त करत बसलोय.

१ मार्च

छापायची प्रत तयार. लढतींची पहिली बाजू, सामन्यांची मागची. शीर्षकाशेजारी चषकाचं रेखाचित्र हवं होतं, म्हणून छायाचित्रं मोठी करून पाहत होतो. खालच्या लाकडी बैठकीवर विजेत्यांच्या धातूच्या छोट्या पट्ट्या ठोकलेल्या आहेत. १९६२ ची पट्टी म्हणजे नुसता सँटोस. पागाओचा गोल धरा किंवा नका धरू.

मित्राची शेवटची सूचना: २०२५ साठी रिकामी ओळ ठेव. ठेवली. ‘सामने’ रकान्यात १ भरलं होतं. परत आलो आणि ते पुसलं.